पिप्रहव्याची रत्ने : न झालेल्या एका लिलावाचे कागद

७ मे २०२५ रोजी हाँगकाँगमध्ये सदबीज या लिलावसंस्थेत एक विक्री ठरली होती. मोती, पोवळी, अकीक, अमेथिस्ट, गार्नेट, स्फटिक, शिंपल्याचे तुकडे आणि सोन्याच्या पातळ वर्खावर उठवलेली फुले असा तो माल होता. एरवी असले मणी जवाहिऱ्याने हातात घेऊन पुन्हा खाली ठेवले असते. या मण्यांची किंमत मात्र सुमारे १० कोटी हाँगकाँग डॉलरपर्यंत जाईल, असा अंदाज वर्तमानपत्रांत छापून आला. कारण त्यांची जागा. पिप्रहवा येथील स्तूपात, गौतम बुद्धाच्या मानल्या जाणाऱ्या अस्थींबरोबर ते सापडले होते.

ती विक्री झाली नाही. का झाली नाही हे वर्तमानपत्रांच्या वाचकांना ठाऊक आहे. तिच्याआधीचा प्रश्न तितकासा चर्चेत आला नाही. स्तूपाच्या गाभ्यातले मणी खाजगी मालकीत कोणत्या कागदाच्या आधारे गेले? लिलावाच्या सूचीत प्रत्येक वस्तूचा मालकी-इतिहास देण्याची पद्धत आहे. इथे तो इतिहास तीन पायऱ्यांत सांगितला होता. वस्तू स्तूपात मिळाल्या, विल्यम क्लॅक्स्टन पेपे यांना मिळाल्या आणि पुढे त्यांच्या वंशजांकडे राहिल्या. या पायऱ्या एकेक करून तपासता येतात, आणि प्रत्येकीचा पुरावा सारख्या वजनाचा नाही.

सर्वांत भक्कम कागद पहिल्या पायरीचा आहे. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात जुलै १८९८ च्या अंकात खुद्द पेपे यांचा लेख छापलेला आहे. पेपे हे शिक्षणाने इंजिनिअर. तेव्हाच्या बस्ती जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेला लागून असलेली बर्डपूरची जमीनदारी ते सांभाळत. पिप्रहव्याचा ढिगारा त्याच जमिनीत होता. १८९७ मध्ये त्यांनी त्यात एक चर खणला. त्या वर्षी ऑक्टोबरात सनदी अधिकारी व्हिन्सेंट स्मिथ जागा पाहायला आले. हा फार जुना स्तूप आहे, मध्यभागी सरळ खाली जा, असे त्यांनी सुचवले. जानेवारी १८९८ मध्ये काम तळाशी पोचले.

लेखाची भाषा मोजमापे घेणाऱ्या माणसाची आहे, आणि तिचा फायदा आज आपल्याला होतो. ढिगाऱ्याचा व्यास ११६ फूट, उंची एकवीस फुटांच्या वर. माथ्यापासून साधारण दहा फुटांवर शंखजिऱ्याचे एक फुटके भांडे मिळाले. ते मातीने भरलेले होते आणि त्या मातीत मणी आणि सोन्याचे बारीक दागिने रुतलेले होते. त्याच्या खाली विटांचे भरीव बांधकाम. ते फोडत गेल्यावर एक प्रचंड दगडी झाकण आणि त्याखाली वालुकाश्माची एकसंध पेटी लागली. पेटीचे वजन पेपे १,५३७ पौंड देतात, म्हणजे सुमारे ७०० किलो. झाकणाचे चार तुकडे झाले होते, पण ते जागच्या जागी बसलेले होते. आत शंखजिऱ्याची भांडी, एक लहान डबी आणि स्फटिकाचा एक करंडक होता.

हा करंडक जवळून पाहण्यासारखा आहे. त्याच्या झाकणाची मूठ म्हणजे स्फटिकात कोरलेला मासा. मासा आतून पोकळ आहे आणि त्या पोकळीत सोन्याच्या वर्खाचे बारीक तुकडे भरलेले आहेत. पारदर्शक स्फटिकातून ते चमकावेत म्हणून कुणीतरी ते एकेक करून आत सरकवले असणार. जे डोळ्यांनी पुन्हा कुणी पाहू नये म्हणून विटांखाली गाडायचे, त्यावर इतकी कलाकुसर केली गेली. भांड्यांत एकमेकांना चिकटून जोडीने आणि तिघांच्या गटाने राहिलेले मोती होते. सोन्याच्या पत्र्यावर सिंह, हत्ती आणि एका स्त्रीची आकृती उठवलेली होती. आणि या सगळ्यात मिसळलेले होते हाडांचे तुकडे. ती हाडे ओळखू येण्याइतकी स्पष्ट असल्याची नोंद पेपे करतात.

वाचकाने इथे दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात. पहिली निश्चित आहे : मुख्य पेटीतले मणी आणि अस्थी वेगवेगळ्या खणांत नव्हत्या. त्या त्याच भांड्यांत, एकमेकांत मिसळलेल्या होत्या. दुसरी मात्र अडचणीची. मणी दोन पातळ्यांवर मिळाले, काही वरच्या फुटक्या भांड्यात आणि बाकीचे खालच्या पेटीत. छापील लेखात वस्तूंची वर्णने आहेत, चित्रे आहेत, पण प्रत्येक मणी कुठल्या पातळीवरचा याची मणीवार यादी नाही. त्यामुळे आज एखादा सुटा मणी हातात घेऊन, हा अस्थींच्या भांड्यातलाच, असे केवळ त्या लेखाच्या बळावर म्हणता येत नाही.

भांड्यांपैकी एकाच्या झाकणावर ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. ती गोलाकार आहे. कोरणाऱ्याला वर्तुळात जागा पुरली नाही, म्हणून शेवटच्या शब्दाची अखेरची अक्षरे त्याने ओळीच्या वर कोरली. या ओळीचा पहिला मोठा वाचक होता गेओर्ग ब्यूलर. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात १८६३ मध्ये प्राध्यापक म्हणून आलेला आणि बॉम्बे संस्कृत सीरिजच्या उभारणीत वाटा असलेला हा विद्वान तेव्हा व्हिएन्नात होता. त्याचे टिपण त्याच नियतकालिकाच्या एप्रिल १८९८ च्या अंकात आले. त्याने अर्थ लावला तो असा : बुद्ध भगवंताच्या अस्थींचे हे निधान शाक्यांचे, सुकीर्तीच्या भावांचे, त्यांच्या बहिणींसह, मुलांसह आणि स्त्रियांसह.

आता कथेत एक वाईट माणूस येतो. आलोइस आंतोन फ्यूरर हाही एके काळचा मुंबईकर. सेंट झेवियर्स कॉलेजात त्याने संस्कृत शिकवले, बॉम्बे संस्कृत सीरिजसाठी वासिष्ठधर्मशास्त्राची आवृत्ती १८८३ मध्ये सिद्ध केली आणि पुढे तो लखनौच्या संग्रहालयाचा प्रमुख झाला. लुंबिनीचा अशोकस्तंभ १८९६ च्या डिसेंबरात उजेडात आला त्यात त्याचे नाव आहे. पण त्याच काळात तो उ मा या ब्रह्मी भिक्खूशी पत्रव्यवहार करून त्याला बनावट अस्थी पाठवत होता. पुढच्या उत्खननात त्याने शाक्यांची नावे असलेले लेख ‘शोधले’, तेही बनावट निघाले. पेपे यांनी पेटी उघडली तेव्हा फ्यूरर जवळच, नेपाळच्या हद्दीत, खणत होता. पिप्रहव्याच्या लेखाची नक्कल लगोलग त्याच्याकडेही गेली होती.

मग ही ओळ त्यानेच कोरली नसेल कशावरून? ही शंका टाकाऊ नाही आणि ती अधूनमधून नव्याने मांडली जाते. तिच्याविरुद्धचा सर्वांत बोलका पुरावा ब्यूलरच्या टिपणातच आहे. त्याच्या हाती आलेली नक्कल हाताने उतरवलेली होती आणि तिच्यात काही स्वर सुटलेले होते. पहिल्या शब्दातला ‘इ’ नव्हता, आणखी दोन ठिकाणी स्वरचिन्हे नव्हती. भाषेच्या नियमाने ती असायलाच हवीत, मूळ भांड्यावर त्यांच्या खुणा दिसतात का पाहा, असे त्याने कळवले. ती भांड्यावर आहेत. नक्कल सदोष आणि मूळ शुद्ध, हा क्रम उतरवून घेणाऱ्याच्या घाईचा असतो. बनाव करणाऱ्याने नक्कल आधी बिघडवून पाठवायची आणि व्हिएन्नातला पंडित ती नेमकी दुरुस्त करील यावर विसंबायचे, हे मानायला फार ओढाताण करावी लागते.

दुसरा पुरावा माणसाचा आहे. फ्यूररचे बिंग सप्टेंबर १८९८ मध्ये व्हिन्सेंट स्मिथ यांनीच फोडले आणि त्याची नोकरी गेली. पूर्णचंद्र मुखर्जी यांच्या तराईतील शोधांचा अहवाल १९०१ मध्ये निघाला, त्याच्या प्रस्तावनेत स्मिथ यांनी फ्यूररच्या लबाड्या नाव घेऊन नोंदवल्या. तेच स्मिथ पिप्रहव्याच्या शोधामागे ठाम उभे राहिले. फ्यूररला सर्वांत जवळून ओळखणाऱ्या आणि त्याच्यावर सर्वांत कडक असलेल्या माणसाची ही साक्ष मी वजनदार मानतो. अलीकडे जर्मन अभिलेखतज्ज्ञ हॅरी फाल्क यांनीही हा लेख अस्सल ठरवला आहे. ब्यूलरला मात्र यातले काही कळले नाही. ८ एप्रिल १८९८ रोजी तो कॉन्स्टन्स सरोवरात बुडाला.

लेख अस्सल असला तरी अर्थाचा वाद उरतो. अभिलेखतज्ज्ञ जे. एफ. फ्लीट यांनी काही वर्षांनी वेगळे वाचन पुढे केले. त्यांच्या मते या अस्थी बुद्धाच्या नसून त्याच्या शाक्य नातलगांच्या आहेत. काळाचाही प्रश्न आहे. अक्षरांवरून आज बहुतेक अभ्यासक लेख मौर्यकाळातला, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातला धरतात, म्हणजे बुद्धाच्या निर्वाणाच्या बराच नंतरचा. महापरिनिब्बान सुत्तात अस्थींचे आठ वाटे झाल्याची आणि एक वाटा कपिलवस्तूच्या शाक्यांना मिळाल्याची हकीकत आहे. अशोकाने जुने स्तूप उघडून अस्थी पुन्हा वाटल्याची परंपराही आहे. पिप्रहव्याची पेटी ही अशा पुनर्स्थापनेची असावी, हे अनुमान सयुक्तिक आहे. पण ते अनुमान आहे.

त्याला बळ मिळाले ते पाऊण शतकानंतर. १९७१ ते १९७७ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे के. एम. श्रीवास्तव यांनी तिथे पुन्हा उत्खनन केले. पेपे जिथे थांबले त्याच्याही खाली विटांच्या दोन लहान कोठड्या निघाल्या, त्यांत शंखजिऱ्याचे करंडक आणि अस्थींचे तुकडे होते. शेजारच्या विहारात १९७३ मध्ये मातीच्या मुद्रा मिळाल्या, त्यांवर कपिलवस्तूच्या भिक्षुसंघाचा उल्लेख आहे. कपिलवस्तू नगर हेच की नेपाळातील तिलौराकोट, यावर दोन्ही देशांत अजून मतभेद आहेत. त्यात इथे शिरण्याचे कारण नाही. आपल्या चौकशीपुरते इतके पुरे : पेपे यांना मिळालेली पेटी हा एकाकी चमत्कार नव्हता, तिच्याखाली आणखी जुने निधान होते.

आता दुसरी पायरी. जे सापडले त्याचे काय झाले? अस्थी आणि राख ब्रिटिश सरकारने १८९९ मध्ये सयामचा राजा चुलालोंगकोर्न याला दिली, कारण तेव्हा सिंहासनावर असलेला बौद्ध राजा तोच होता. ही कल्पना पुढे सरकवणाऱ्यांत गोरखपूरचे कमिशनर विल्यम होई आणि भिक्खू झालेला सयामी राजपुत्र जिनवरवंस होते. राजाने त्यातले भाग ब्रह्मदेश आणि श्रीलंकेच्या बौद्धांना दिले. बँकॉकच्या वाट साकेतच्या ‘सुवर्णगिरी’ चैत्यात एक भाग ठेवला गेला. श्रीलंकेतील वस्कडुवा येथील विद्वान भिक्खू सुभूती यांचा पेपे यांच्याशी स्वतंत्र पत्रव्यवहार होता आणि त्यांच्या विहारातही काही अस्थी जपलेल्या आहेत. दगडी पेटी, भांडी आणि मण्यांचा मोठा भाग कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमकडे गेला. आणि मण्यांचा सुमारे पाचवा हिस्सा ‘दुबार नमुने’ म्हणून पेपे यांना स्वतःकडे ठेवू दिला गेला.

एकूण मणी-दागिने सुमारे १,८०० होते असे सांगितले जाते. त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे ३६०. वंशजांकडचा साठा साडेतीनशेच्या घरात होता. आकडे ढोबळमानाने जुळतात, म्हणून या वाटणीची हकीकत मुळात खरी धरायला हरकत नाही. तिचे स्वरूप काय होते, हा पुढचा प्रश्न.

त्या काळचा कायदा उघडून पाहू. भारतीय भूमिगत निधी कायदा, १८७८. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे काहीही सापडले तर कलेक्टरला कळवणे बंधनकारक. सरकारला तो निधी हवा असेल तर कलेक्टर तो घेऊ शकतो, मात्र वस्तूच्या मालाची किंमत आणि वर त्या किमतीचा पाचवा भाग इतकी रक्कम हक्कदाराला द्यावी लागते. इथेही ‘पाचवा भाग’ आहे, पण तो पैशांचा. पेपे यांच्याकडे राहिलेला पाचवा हिस्सा वस्तूंचा. या दोन आकड्यांची सांगड घालण्याचा मोह होतो. तसे करण्याला आधार नाही, म्हणून ते इथेच सोडू.

महत्त्वाचे हे की सरकारने निधीवर हक्क सांगितला आणि मग त्यातला काही भाग शोधकाकडे राहू दिला. राहू देणे म्हणजे मालकी देणे की सांभाळायला देणे? १८९८ साली हा प्रश्न कुणाला टोचला नसावा. प्राचीन स्मारकांचा कायदा १९०४ मध्ये आला. पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर नियंत्रण आणणारा कायदा १९४७ चा, आणि आज लागू असलेला पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७२ चा. पेपे यांच्या काळात वसाहतीचे सरकार आणि वसाहतीचा जमीनदार यांच्यात सौजन्याने वाटणी उरकली. ज्यांच्या दृष्टीने ती वस्तू पूजनीय होती, त्यांचा होकार मणी वाटताना कुणी घेतला नाही.

‘दुबार’ या वर्गवारीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. नाण्यांच्या बाबतीत ती समजण्यासारखी आहे. एकाच साच्यातली शंभर नाणी मिळाली तर काही दुसऱ्या संग्रहालयांना देतात, ही सरकारी संग्रहालयांची तेव्हाची रीतच होती. पण पिप्रहव्याचे मणी साच्यातले नाहीत. प्रत्येक फूल हाताने घासलेले, भोक हाताने पाडलेले. आणि समजा दोन मणी हुबेहूब निघाले, तरी ते एका अर्पणाचे दोन भाग आहेत. भांड्यात अस्थींमध्ये मिसळलेल्या मण्यांपैकी अमुक जास्तीचे, हे ठरवायला पुराव्यात कुठलाही निकष नाही. ही वर्गवारी सोयीसाठी केलेली होती.

कोकणातला एक शोध शेजारी ठेवून पाहावा. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा स्तूप उघडला. तिथेही दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राच्या मानल्या गेलेल्या १३ बारीक खापऱ्या होत्या. भोवती बुद्धांच्या आणि मैत्रेयाच्या मिळून आठ कांस्यमूर्ती, सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. पंडितांनी तपशीलवार निबंध लिहिला आणि हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आला. तो आजही तिथेच आहे. कायदा तोच १८७८ चा, राज्यही तेच ब्रिटिशांचे. पण शोधक जमिनीचा धनी नव्हता. पिप्रहव्याला शोधक आणि जमीनदार एकच होता. वाटणीचे बीज कदाचित याच फरकात असेल. हे मी अनुमान म्हणूनच मांडतो.

तिसरी पायरी थोडक्यात सांगता येते. मणी पेपे कुटुंबात वारशाने उतरत गेले. ते दडवून ठेवलेले नव्हते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये २०२३ साली भरलेल्या प्राचीन बौद्ध कलेच्या प्रदर्शनात ते मांडले गेले होते. वंशजांची बाजू अशी होती की मणी अस्थी नव्हेत, अर्पण आहेत, आणि लिलाव हा ते बौद्धांच्या हाती जाण्याचा पारदर्शक मार्ग आहे. पहिल्या वाक्याला पेपे यांचा लेखच पुरेसे उत्तर देतो. अर्पण हे खरे, पण ते अस्थींसह एकाच भांड्यात, एकाच विधीत ठेवलेले. दुसऱ्याला उत्तर व्यवहाराने मिळाले.

५ मे २०२५ रोजी भारत सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाने सदबीजला आणि वंशजांना कायदेशीर नोटीस बजावली. ही वारसावस्तू विकण्याचा अधिकारच विक्रेत्याला नाही, अशी तिची भूमिका होती. अभ्यासक आणि बौद्ध संघटनांनी आधीच आवाज उठवला होता. विक्री पुढे ढकलली गेली. ३० जुलै २०२५ रोजी मणी भारतात परतल्याची घोषणा झाली. ते मुंबईच्या गोदरेज इंडस्ट्रीज समूहाने विकत घेतले होते. मोठा भाग पाच वर्षांसाठी राष्ट्रीय संग्रहालयाला उसना देण्याचे ठरले.

कागद वाचणाऱ्याला इथे एक गोष्ट खुपते. नोटीस म्हणत होती विकण्याचा हक्क नाही, आणि शेवट खरेदीने झाला. मालकीचा मूळ प्रश्न न्यायालयात तपासला गेलाच नाही. मणी परत आले याचा आनंद मला निःसंशय आहे. विदर्भापासून कोकणापर्यंत ज्या घरांत बुद्धवंदना म्हटली जाते त्या घरांना तर तो विशेष असेल. पण १८९८ च्या त्या ‘राहू देण्या’चा अर्थ काय, हे आजही अनिर्णित आहे. जगातल्या पुढच्या लिलावात असाच एखादा ‘दुबार नमुना’ उभा राहिला तर आपल्या हाती निकाल नसेल, फक्त एक उदाहरण असेल.

म्हणून एक मागणी करावीशी वाटते, आणि ती कलकत्ता, दिल्ली आणि मुंबई या तिन्ही ठिकाणच्या धारकांकडे आहे. कलकत्त्यातला मोठा हिस्सा आणि परत आलेला पाचवा हिस्सा यांची एकच सलग सूची तयार करावी : प्रत्येक मण्याचे छायाचित्र, वजन, भोकाची दिशा, दगडाचा प्रकार आणि आजचे ठिकाण. मोत्यांच्या जोड्या, फुलांच्या पाकळ्या आणि वर्खाचे ठसे दोन्ही साठ्यांत ताडून पाहिले, तर वरच्या फुटक्या भांड्यातले कोणते आणि पेटीतले कोणते, हे काही प्रमाणात तरी कळू शकेल. पेपे यांच्या लेखात जी यादी नाही ती आता करता येण्याजोगी आहे. ती मराठीसह सर्व भारतीय भाषांत, सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध व्हावी, आणि उसन्याची पाच वर्षे संपण्याच्या आत व्हावी.